भिंतीला भोक पाडण्यापूर्वी

घरातली छोटी कामं स्वतः करा, जरूर करा. पण ड्रिल हातात घेण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते बघा. भिंतीतल्या वायरी बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली जातात. त्या रेषेत फोटोचा खिळासुद्धा नको. नुसतं बटण बंद करून भागत नाही. त्या खोलीचा एमसीबी खाली करा, ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन आणा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासा. बिघडलेला टेस्टर खोटं अभय देतो. शिडीवर चढताना खाली कुणीतरी हवंच. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या लागायच्या, तसंच. बाथरूमच्या जमिनीला मात्र भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग आपलं फुटतं, छत खालच्यांचं गळतं.