लेकरांच्या छायाचित्रांचा वाचक



जेऊर स्टेशनावर आजारी लेकरूं कडेवर घेऊन सोलापूरच्या किंवा पुण्याच्या गाडीची वाट पाहणारीं आईबापें आपण सर्वच पाहतों. मोठ्या इस्पितळांत त्या लेकराचा क्ष-किरणांनीं फोटो काढतात. तो वाचणारा तज्ज्ञ बहुधा आपल्या दृष्टीस पडत नाहीं. आज त्याच्याविषयीं बोलावें असें आम्हीं योजिलें आहे.

रंटजेननें क्ष-किरण शोधिले १८९५ सालीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत जॉन कॅफी जन्मले. ते मूळचे बालवैद्य. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलांत क्ष-किरणांचें काम त्यांजकडे आलें. त्यांचा १९४५ चा ग्रंथ या विद्येचा पाया मानितात. निरोगी बालक आंतून कसें दिसतें हें आधीं जाणावें, मग रोग शोधावा, हेंच त्या विद्येचें मर्म होय.

हें न जाणल्यानें केवढा अनर्थ झाला पहा. तान्ह्या मुलाच्या छातींत थायमस नांवाची ग्रंथि स्वभावतःच मोठी असते. तिची सावली रोग समजून, ती आटविण्यासाठीं, गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत पुष्कळ निरोगी बालकांवर किरणांचा मारा झाला. कॅफींनीं त्यास विरोध केला. पुढें १९५० मध्यें डफी व फिट्झजेरल्ड यांनीं दाखविलें कीं, थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांपैकीं अनेकांवर पूर्वीं हाच उपचार झाला होता.

म्हणूनच ही विद्या झटपट साधत नाहीं. एम.बी.बी.एस.ला उमेदवारीसह साडेपांच वर्षें, क्ष-किरणनिदानाच्या एम.डी.ला तीन, आणि त्यापुढें केवळ बालकांचा अभ्यास. सोलापुरांत १९६३ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेव्हां आपल्या मुलामुलींस ही वाट अगदींच परकी नाहीं.

असा तज्ज्ञ वाढत्या हाडाच्या टोकाशीं असलेली कूर्चेची रेषा मोडलेलें हाड समजत नाहीं. सोनोग्राफीनें भागत असेल तर तो किरण टाळितो. लागलेच तर लेकराच्या अंगमानानें थोडके वापरितो.

आईबापांनींही एवढें करावें. लेकराचें वय नेमकें सांगावें, जुने फोटो जपून ठेवून सोबत न्यावे, गर्भवती मातेनें किरणांच्या खोलींत थांबूं नये, आणि हा फोटो खरोखर हवा काय, हें नम्रपणें विचारण्यास संकोचूं नये. बोलतां न येणाऱ्या लेकराच्या वतीनें विचारणारें दुसरें कोण आहे?