आपली कहाणी आपणच लिहावी



ज्या समाजाची हकीकत नेहमी दुसरेच लिहितात, त्या समाजाला आपला चेहरा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. ही गोष्ट तुम्हांस नव्याने सांगावयास नको. आपल्याविषयी शतकानुशतके लिहिले गेले, परंतु लिहिणारे हात आपले नव्हते. १८५५ साली पुण्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. ज्याने दुःख सोसले त्यानेच ते लिहावे, हा त्या निबंधाचा खरा धडा होय.

आज मी तुमच्यापुढे शेजारच्या घरातील भगिनींचा वृत्तांत मांडणार आहे. मुसलमान स्त्रीविषयी बोलणारे आपल्या देशात पुष्कळ आहेत. मौलवी बोलतात, पुढारी बोलतात, वर्तमानपत्रे बोलतात. तिच्या समाजाचा द्वेष करणारे तर सर्वांहून अधिक बोलतात. ती स्वतः काय म्हणते, हे विचारणारे मात्र थोडे. म्हणून ती मुकी आहे असा आपला समज होतो. वस्तुस्थिती अशी आहे की ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लिहीत आली आहे. आपण ते वाचले नाही, एवढेच.

तव्याची काजळी आणि झाडूची काडी

उत्तर हिंदुस्थानातील खानदानी मुसलमान घरांत एके काळी मुलीला कुराण वाचावयास शिकवीत, परंतु लिहावयास शिकवीत नसत. वाचणारी मुलगी धर्म शिकेल. लिहिणारी मुलगी कोणाला पत्र लिहील याचा नेम नाही, अशी वडीलधाऱ्यांना धास्ती वाटे. हा भेद नीट ध्यानात घ्या. वाचणारा दुसऱ्याचे ऐकतो. लिहिणारा आपले सांगतो. ज्यांना स्त्रीने केवळ ऐकावे असे वाटत होते, त्यांनी तिच्या हातून लेखणीच दूर ठेविली.

बिजनोर जिल्ह्यातील अशाच घरात १८४० साली जन्मलेल्या बीबी अशरफ यांनी यावर उपाय काढला. त्यांनी तव्याच्या काजळीची शाई केली, झाडूची काडी लेखणी म्हणून हाती धरली आणि चोरून अक्षरे गिरविली. पुढे वैधव्य आले तेव्हा याच विद्येने त्यांना तारले. लाहोरच्या मुलींच्या शाळेत त्या शिक्षिका झाल्या. आपण कसे शिकलो हे त्यांनी स्वतःच लिहिले आणि १८९९ साली ते लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या स्त्रियांच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. हे साप्ताहिक १८९८ साली निघाले व त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम होत्या.

लेखणी मिळाली तरी नाव मिळत नसे. पडदा केवळ चेहऱ्यावर नव्हता, तो नावावरही होता. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ साली 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहिली; स्त्रीने लिहिलेली ती उर्दूतील पहिली कादंबरी मानली जाते. ती छापली गेली १८९४ साली, आणि तेव्हाही लेखिकेची ओळख अमक्याची आई, अमक्याची मुलगी अशीच दिली गेली. 'बिन्त-ए-नजरुल बाकर', म्हणजे नजरुल बाकर यांची मुलगी, एवढ्याच ओळखीवर एक लेखिका लिहू लागली. लग्नानंतर ती नज्र सज्जाद हैदर झाली. म्हणजे आता पतीचे नाव जोडले गेले. तिच्या मुलीने मात्र स्वतःच्या नावाने लिहिले. ती मुलगी म्हणजे कुर्रतुलऐन हैदर. १९८९ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार तिला मिळाला. आईला जे नाव उघडपणे लिहिता आले नाही, ते मुलीच्या पिढीत देशाच्या सर्वोच्च साहित्यसन्मानावर कोरले गेले.

रुकैयाबाईंचे कार्य

या सर्वांमध्ये जिचे चरित्र प्रत्येक घरात सांगितले जावे, ती स्त्री म्हणजे बंगालची बेगम रुकैया सखावत हुसेन. १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी जमीनदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षापासून त्यांना पडदा पाळावा लागला. तोही केवळ पुरुषांपासून नव्हे. घरी परक्या स्त्रिया आल्या तरी या बालिकेने लपून बसावे लागे. मुलींना बंगाली शिकविण्याची त्या घरी रीत नव्हती. रात्री घर निजल्यावर थोरला भाऊ इब्राहिम बहिणीला मेणबत्तीच्या उजेडात शिकवी. थोरली बहीण करीमुन्निसा हिनेही तिला बंगालीची गोडी लावली.

विवाहानंतर त्या भागलपूरला गेल्या. पतीने उत्तेजन दिले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट प्रसिद्ध झाली. त्या गोष्टीतील देशात पुरुष पडद्यात आहेत आणि राज्यकारभार, शास्त्र, सूर्याच्या उष्णतेचा उपयोग ही सर्व कामे स्त्रिया करीत आहेत. जे स्त्रीच्या बाबतीत स्वाभाविक म्हणून सांगितले जाते, ते पुरुषाच्या बाबतीत कसे दिसेल, एवढेच त्यांनी विचारले.

१९०९ साली पती वारले. त्याच वर्षी त्यांनी भागलपुरात पाच विद्यार्थिनींची शाळा काढली. तेथे टिकाव लागेना म्हणून त्या कलकत्त्यास आल्या आणि १६ मार्च १९११ रोजी आठ मुलींना घेऊन शाळा पुन्हा सुरू केली. घरोघर जाऊन आईबापांच्या विनवण्या कराव्या लागत. मुलींना ने-आण करणाऱ्या गाडीची हकीकत त्यांनीच लिहून ठेविली आहे. पडद्यासाठी ती गाडी इतकी बंद केली होती की आतील मुली घाबऱ्या होत, त्यांना चक्कर येई. म्हणून बंदोबस्त सैल करून पडदे लाविले, तर वाऱ्याने पडदे उडतात अशी तक्रार करणारी, धमकावणारी पत्रे आली. गाडी बंद ठेवावी तर मुली गुदमरणार. उघडी ठेवावी तर शाळा मोडणार. ज्यांनी वस्तीत मुलींची शाळा चालविली आहे, त्यांना या पेचाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

१९३१ साली त्यांचे 'अवरोधबासिनी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पडद्याच्या सत्तेचाळीस हकीकती आहेत. त्यांपैकी एक सांगतो. त्यांच्या सासरच्या नात्यातील एक बाई रेल्वे स्थानकावर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडली. लोक उचलावयास धावले, तोच तिच्या दासीने ओरडून सांगितले, 'खबरदार, आमच्या बीबीला कोणी हात लावावयाचा नाही.' एकट्या दासीला ती उचलेना. अखेर गाडी सुटली आणि ती बाई चिरडून गेली. पाहणारे होते, वाचवू इच्छिणारे होते, गाडीही थांबलेली होती. मरण आले ते केवळ रूढीमुळे.

ही हकीकत एखाद्या परकीयाने लिहिली असती तर ती निंदा ठरली असती. रुकैयाबाईंनी ती लिहिली तेव्हा ती साक्ष झाली. आणि साक्ष देऊन त्या आपल्या माणसांना सोडून गेल्या नाहीत. ९ डिसेंबर १९३२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या शाळेचेच काम करीत राहिल्या. बांगलादेशात हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

नेमक्या त्याच महिन्यात लखनौस 'अंगारे' हे पुस्तक निघाले. त्याच्या चार लेखकांत डॉक्टर रशीद जहाँ ही एकच स्त्री होती. तिच्या एका गोष्टीतील नवरा बायकोला दिल्ली दाखवावयास नेतो आणि स्थानकावर सामानाजवळ बुरख्यात बसवून मित्राबरोबर निघून जातो. त्या बाईची दिल्ली फलाटावरच संपते. पुस्तकाविरुद्ध काहूर उठले आणि १९३३ च्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने ते जप्त केले.

दोन्ही बाजूंचा मारा

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर मग आपल्या शेजारच्या कर्नाटकाकडे पाहा. कासरगोडच्या सारा अबूबकर यांनी 'चंद्रगिरिय तीरदल्ली' ही कादंबरी लिहिली. बापाच्या हट्टामुळे जिचा तलाक होतो आणि पहिल्या नवऱ्याकडे परत जाण्यासाठी जिला एका रात्रीपुरते दुसऱ्याशी लग्न लावण्यास सांगितले जाते, अशा तरुणीची ती कथा आहे. हसनच्या बानू मुश्ताक या वकील. शाळेत प्रवेश घेतेवेळी त्यांना अट घातली गेली की सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. ती अट त्यांनी काही दिवसांतच पुरी केली. कर्नाटकातील बंडाय साहित्याच्या चळवळीत दलित, मुसलमान आणि स्त्रिया एकत्र लिहीत होत्या. बानूबाई त्याच चळवळीतून पुढे आल्या.

स्त्रियांना मशिदीत जाऊन नमाज पढण्याचा हक्क आहे असे त्या म्हणाल्या, म्हणून २००० साली त्यांच्या घराण्यावर सामाजिक बहिष्कार पडला. एक इसम सुरा घेऊन त्यांच्यावर धावून आला. बहिष्कार हा शब्द ऐकताच तुम्ही आम्ही दचकतो, कारण त्याचा अर्थ आपण पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. त्यांनी लेखन सोडले नाही. मे २०२५ मध्ये 'हार्ट लॅम्प' या त्यांच्या बारा कथांच्या संग्रहास आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. हा मान मिळविणारे कन्नडमधील ते पहिलेच पुस्तक.

पुढे काय झाले तेही पाहा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन करण्यास कर्नाटक सरकारने त्यांना बोलाविले. तेव्हा काही हिंदू संघटनांनी आणि पुढाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि बानूबाईंनी उद्घाटन केले. पंचवीस वर्षांपूर्वी स्वकीय म्हणाले, ही आमच्याविरुद्ध बोलते. आता परके म्हणाले, ही त्यांच्यातली आहे. सत्य सांगणाऱ्या स्त्रीची जागा कोठे असते, ते यावरून दिसते.

एक आक्षेप

यावर एक आक्षेप घेतला जातो. घराबाहेर वैरी टपून बसला असता घरातील उणीदुणी चव्हाट्यावर मांडावी काय? बायकांनी थोडे थांबावे, आधी समाज वाचू द्यावा, असे सांगितले जाते. हा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मुसलमान स्त्रीचे पुस्तक हाती धरून तिच्या सबंध समाजाला झोडपणारे लोक आहेत. तिच्या दुःखाशी त्यांना कर्तव्य नाही. त्यांना केवळ काठी हवी असते.

परंतु याचा उपाय तिने गप्प बसणे हा नव्हे. ती गप्प बसली तर तिच्या वतीने तोच वैरी बोलेल आणि तो खोटे बोलेल. शिवाय, समाज वाचू द्यावा असे म्हणताना स्त्री त्या समाजात धरली आहे की नाही? घरात राहूनच जी घरातील काटा काढते, ती घराची वैरीण कशी होईल? महाराष्ट्रात १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. मेहरुन्निसा दलवाई यांनी 'मी भरून पावले आहे' हे आत्मचरित्र आपल्या मराठी भाषेत दिले. या स्त्रिया समाज मोडावयास निघाल्या नव्हत्या. समाजात आपली जागा मागत होत्या.

तुमचे कर्तव्य

आता तुमच्या घराकडे वळतो. शेजारणीच्या हकीकती ऐकून 'बिचारी' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. फलटणजवळच्या निंबुऱ्याच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले, तेव्हा ती वही वर्षानुवर्षे घरच्या माणसांपासून लपवून ठेवावी लागली. बीबी अशरफ यांची तव्याची काजळी आणि बेबीताईंची लपविलेली वही यांत मला तरी काही अंतर दिसत नाही. धर्म बदलला तरी घरातील पुरुषाची नजर आपोआप बदलत नाही. ती प्रयत्नाने बदलावी लागते. डॉ. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा दंडक घालून दिला. तो दंडक आधी आपल्या उंबरठ्याच्या आत लावून पाहावा.

म्हणून तुमच्या घरातील मुलीला परीक्षेच्या वह्यांखेरीज एक वही द्या आणि ती न विचारता उघडू नका. आजीला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि नातीने लिहावे. आजीची भाषा सुधारू नये. लेखाखाली अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या असे न लिहिता तिचे स्वतःचे नाव लिहावे. तुमच्या विहाराच्या वाचनालयात या भगिनींची पुस्तके ठेवा, आणि शेजारच्या मोहल्ल्यातील भगिनींना तेथे वाचावयास बोलवा. त्यांचे पुस्तक कोणी काठी म्हणून उगारू लागला तर त्याचा हात धरा, आणि सांगा की हे पुस्तक लिहिणारीने आपल्या माणसांवरील प्रेमापोटी लिहिले आहे.

रुकैयाबाईंची शाळा पाच मुलींवर सुरू झाली होती. तुमच्या वस्तीत पाच मुली निश्चित आहेत. त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि थोडा वेळ आपण गप्प बसा.