तीळ, चुना आणि सोयरीक

(भंडारा जिल्ह्यातील बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढे 'त्वचेची निगा' असं छापलं आहे. ते वाचून मघाशी दोघीतिघींनी विचारलं, "ताई, पार्लरचं शिकवता का?" नाही. मी बोलणार आहे ते तीळ, मस, चामखीळ काढण्याच्या आपल्या घरगुती उपायांबद्दल. दारू, मारहाण, जमिनीत नाव लागणं असे मोठे प्रश्न समोर असताना तिळावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण गेल्या काही वर्षांत तुमसर, मोहाडी, लाखनीकडच्या गावांत फिरताना चेहरा भाजलेल्या ज्या मुली मला भेटल्या, त्यातल्या बऱ्याच जणींना कोणी पेटवलं नव्हतं की स्टोव्हचा भडका उडाला नव्हता. त्यांना त्यांच्या आईनेच भाजलं होतं, तेही मायेने.

एका मुलीचं सांगते. वय एकोणीस. उजव्या गालावर मसुरीच्या डाळीएवढा तीळ. पाहुणे यायचे ठरले होते. आदल्या वर्षी एक स्थळ परत गेलं होतं आणि मध्यस्थाने जाता जाता तिळाचा उल्लेख केला होता. आई मला म्हणाली, "बाई, पोरीच्या गालावर असं काळं असन तं पाहुणे काय म्हणतीन?" शेजारणीच्या सांगण्यावरून तिने खर्ऱ्याच्या डबीतला ओला चुना आणि कपडे धुवायचा सोडा एकत्र केला, काडीच्या टोकाने तिळावर ठेवला आणि मुलीला तसंच निजवलं. दुसऱ्या दिवशी तीळ काळा पडून सुकला. आनंद झाला म्हणून रात्री पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी खपली पडली आणि खाली खड्डा दिसला. आज त्या जागी रुपयाएवढा व्रण आहे, मध्ये पांढरा आणि कडेने काळसर. पुढच्या वेळी आलेल्या पाहुण्यांनी तिळाचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पोरगी जळली कशी? घरात काही झालं होतं काय?" तिळाची बोलणी सौंदर्याच्या बाजारातली होती, ही बोलणी चारित्र्याच्या बाजारातली झाली. त्या मुलीने स्वतःला पेटवून घेतलं होतं, अशी कुजबूज गावात अजून चालते.

आता या मिश्रणात काय होतं ते नीट समजून घेऊ या. पानाला लावतो तो चुना वेगळा आणि धुण्याचा सोडा वेगळा. दोन्ही तिखटच, पण ओले करून एकत्र केले की त्यांच्यात देवघेव होऊन कॉस्टिक सोडा तयार होतो. साबणाच्या कारखान्यात तेलाचा साबण करतात तो हाच. आपल्या कातडीखालीही चरबी असते. तिचंही हा सोडा तेच करतो. ॲसिडने भाजलं तर बऱ्याचदा वर कडक पापुद्रा धरतो आणि आत जाणं काही अंशी अडतं. चुना-सोड्याचं तसं नाही. तो मांस विरघळवत खाली उतरतो आणि सुरुवातीला फारसा दुखतही नाही. म्हणूनच आई म्हणते, "काही आग झाली नाही जी," आणि पोर रात्रभर झोपते. पापडखार घातला तरी प्रकार तोच, कारण पापडखारातही सोडाच असतो.

दुसरा उपाय बिब्ब्याचा. आपल्या रानात बिब्बा भरपूर, आणि परीट कपड्यावर त्याने खूण करतो ती धुऊन जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वऱ्हाडात गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात बघा, तेलाने सोलून निघालेले असतात. पोटासाठी त्या हे सोसतात. त्यांच्या हातमोज्यांचा आणि मजुरीचा प्रश्न खरं तर वेगळ्या सभेचा आहे. तेच तेल आपण सुईच्या टोकावर घेऊन मानेवरच्या चामखिळीला लावतो. काहींना डागापुरतं भाजतं. काहींच्या अंगाला ते सोसतच नाही, मग तोंड सुजतं, डोळे मिटतात, सगळ्या अंगावर पाण्याचे फोड येतात. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या वेळी होणार नाही असं नाही. उलट शरीर एकदा त्याला ओळखू लागलं की पुढच्या वेळी जास्त चिडतं.

रुईचा आणि शेराचा चीक पापणीजवळच्या मसाला लावू नका, एवढं तरी आजच घरी जाऊन सांगा. चीक डोळ्यात गेला तर बुबुळ सुजतं, धूसर दिसतं, आणि रुईच्या बाबतीत तर दुखतही नाही, म्हणून बाई दवाखान्यात जायला दोन दिवस लावते. उदबत्तीचा चटका, संडास धुवायचं ॲसिड, लसणाची पाकळी रात्रभर बांधून ठेवणं, घोड्याच्या केसाने गाठ मारून चामखीळ तोडणं, हे सगळं तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. केसाची गाठ त्यातल्या त्यात बरी वाटते, पण जागा पिकते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर तो धोका वेगळा.

मी जुन्या ज्ञानाची टिंगल करायला आलेले नाही. सुईणीच्या हातावर आपल्यातल्या कितीतरी जणी जन्मल्या आहेत. पण चामखिळीच्या औषधांना एवढं यश का मिळतं, ते एकदा तपासून पाहा. हातावरची खरबरीत चामखीळ एका विषाणूमुळे होते आणि मुलांमध्ये ती वर्षा-दोन वर्षांत पुष्कळदा आपली आपण जाते. त्या काळात घरात पाच उपाय होतात. जो शेवटचा, त्याचं नाव होतं. नदीत मीठ सोडणाऱ्यालाही गुण येतो तो असाच, आणि त्याने फार तर मीठ जातं, कातडी जात नाही. तीळ मात्र चामखीळ नव्हे. त्याची मुळं कातडीच्या आतल्या थरात असतात. वरचं जाळलं तर तो बऱ्याचदा पुन्हा उगवतो, आणि तेव्हा वेडावाकडा उगवतो. आपल्या सावळ्या कातडीला जखमेनंतर काळा डाग राहायची आणि छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर, जबड्याच्या कडेला व्रण गाठीसारखा वाढायची खोडही जास्त.

जाता जाता मानेबद्दल. मानेभोवती बारीक लोंबत्या चामखिळी आणि काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी असेल तर मुलीला "मान घासत जा" म्हणून ओरडू नका. तो मळ नसतो. लिंबू आणि सोडा घासून तिची मान सोलू नका, तिची साखर तपासा. वजन वाढलेल्या मुलींत ही पुढच्या मधुमेहाची सूचना असू शकते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. तीळ जाळला की नुसती कातडी जळत नाही, पुरावा जळतो. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात आणि तिळाचा कर्करोग आपल्या लोकांत विरळा आहे, उगाच घाबरून घरी जाऊ नका. पण आपल्याकडे तो जेव्हा होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो. आणि तळपाय कोण बघतं? रोवण्याच्या दिवसांत बाई दिवसभर बांधीतल्या चिखलात उभी असते, संध्याकाळी पाय धुते ते अंधारात. एका पन्नाशीच्या बाईच्या टाचेजवळ काळा डाग होता. काटा रुतला असेल म्हणून आधी सुईने कोरला, मग बिब्ब्याचा चटका दिला, मग कुरूप समजून दुकानातली पट्टी लावली. जखम भरेना, तरी तिने एक रोवणा आणि एक कापणी त्या पायावर काढली. नागपूरला नेलं तेव्हा जांघेत गाठ आली होती. डॉक्टरांनी विचारलं, डाग आधी कसा होता? कोणालाच सांगता येईना, कारण तो तीन वेळा जाळून झाला होता. पुढच्या रोवण्याला ती नव्हती.

म्हणून बघायचं काय? डागाची एक बाजू दुसरीसारखी नसेल, कड फाटल्यासारखी असेल, एकाच डागात दोनतीन रंग असतील, पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा तो मोठा असेल, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो बदलत असेल, वाढत, खाजत, रक्त येत असेल, तर त्याला हात न लावता डॉक्टरला दाखवा. नखात नवी काळी रेघ उठून ती रुंद होत असेल तरी दाखवा. डॉक्टरने तीळ कापून काढला तर "तपासायला पाठवलात का?" हे विचारायला लाजू नका. तो तुकडा प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. बाजारात बसून किंवा पार्लरमध्ये मशीन लावून तीळ उडवणाऱ्यांकडे तो तुकडा उरतच नाही. आणि मोबाइलवर मागवता येणारी तीळ घालवायची मलमं? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली सांगितलं की चिठ्ठीशिवाय विकायला असं एकही औषध त्यांनी मान्य केलेलं नाही, आणि ती विकणाऱ्यांना ताकीद दिली. तीच मलमं आपल्याकडे 'आयुर्वेदिक' म्हणून येतात.

अजून एक डाग आहे, त्याचं नाव घ्यायला आपण कचरतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेला. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर घरी काही जाळणारं लावलं आणि पोरगी म्हणाली, "मले काहीच लागलं नाही," तर औषध सौम्य होतं असं समजू नका. चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर तीच तपासणीची वेळ. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात, आणि वेळेवर सुरू केल्या तर हातपाय वाकडे होत नाहीत. पण घरं लपवतात, कारण लग्न मोडायची भीती. ती भीती उगाच नव्हती. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातच लिहिलेलं होतं. ते २०१९ च्या दुरुस्तीने काढलं. आता कोणी त्या नावाखाली कागद पुढे केला तर त्याला ही दुरुस्ती दाखवा.

कोणी विचारेल, मग तीळ काढायचाच नाही का? काढा ना. तुमचं अंग, तुमचा तीळ. दाढेसारखा सलत असेल, पोलक्याच्या काठाला घासत असेल, किंवा नुसता आवडत नसेल, तरी काढा. पण सुन्न करून, डॉक्टरकडून, आणि तुमच्या मर्जीने. मध्यस्थाच्या मर्जीने नको. स्टँडवर तिळाच्या शुभाशुभाची पुस्तकं मिळतात. त्यांत बाईच्या अंगावरच्या तिळावरून नवऱ्याचं आयुष्य मोजतात. नवऱ्याच्या अंगावरच्या तिळावरून बायकोचं आयुष्य मोजणारं पान मी अजून शोधते आहे. बैठकीत कोणी मुलीच्या डागाचा विषय काढला तर आईने मान खाली घालायची आणि गटातल्या बायांनी गप्प बसायचं, एवढं तरी आपल्याला बदलता येईल. तिथे तुमच्यापैकी एकजण नक्कीच बसलेली असते.

कोणाला चुना-सोड्याने भाजलंच तर कोरडी पूड आधी फडक्याने झटका आणि मग वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा. लिंबू, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तसंच पाणी सोडत राहा आणि लगेच दवाखाना. खर्ऱ्याच्या चुन्याची डबी लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका, चुन्याने डोळा कायमचा जातो.

त्वचेचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या, मजुरी बुडवून हेलपाटा नको. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचाविभाग आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयही तिथेच आहे. कर्करोगाच्या उपचाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. मागच्या खोलीत आरोग्यसेविका ताई बसल्या आहेत, बॅटरी आणि आरसा आहे, दाराला पडदा लावला आहे. चपला बाहेर काढा, पाय धुवायला बादली भरून ठेवली आहे. दोघीदोघींनी जा आणि एकमेकींचे तळपाय बघा.