झेंडूचा बाजार दुपारीं उठतो

शिरवणे गांवाच्या आसपास आज कोणी फुलशेती शोधूं गेल्यास ती सांपडणें कठीण. ठाणे खाडीच्या या पूर्व किनाऱ्यावर एके काळीं भातखाचरें आणि मिठागरें होतीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसली आणि जमिनी शहराच्या पोटांत गेल्या. तरीही दसऱ्याच्या सुमारास येथें झेंडूला मोठें गिऱ्हाईक असतें. याचें कारण शेजारची कारखान्यांची वसाहत. दसऱ्याला सुटी, म्हणून लेथ आणि प्रेस यांना पुष्कळ ठिकाणीं आदल्या दिवशींच हार चढतो. घरांच्या दारावरचीं तोरणें लागतात तीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं.

श्रोतेहो, त्या तोरणाकडे एकदां फूल पिकविणाराच्या बाजूनेंही पाहावें. पुरंदर किंवा जुन्नरकडील अर्ध्या एकराचा एखादा शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. २०२४ सालीं दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारीं आला, लागून रविवार. या दिवसासाठीं त्याला जुलैच्या आरंभींच बीं टाकावें लागतें. सुमारें महिनाभर रोप वाफ्यांत वाढतें आणि लागणीनंतर दोनेक महिन्यांनीं फूल तोडणीस येतें. शेंडा खुडला तर फांद्या अधिक फुटतात, पण फुलोरा लांबतो. म्हणजे शेंडा खुडतांनाही त्याला पंचांगाकडे पाहावें लागतें! दुसऱ्या पिकाला आठ दिवस उशीर झाला तर फारसें बिघडत नाहीं; दसऱ्याच्या झेंडूला एक दिवसाचा उशीर झाला तरी सगळी मेहनत मातीमोल.

एवढें करून परतीचा पाऊस गांठतोच. ओलीं फुलें पोत्यांत दाबून भरलीं कीं रात्रभरांत तीं आंतून तापतात आणि घाटाखालीं उतरेपर्यंत काळवंडतात. ऊन नसलें तरी सावलींत पसरून तीं कोरडीं करावीं, मगच भरावीं. हें शहाणपण बहुतेकांना एक टेंपो वाया गेल्यावर येतें.

आतां भावाविषयीं. दादरच्या बाजारांत अडत्याला माल देण्यापेक्षां शिरवण्याच्या रस्त्यावर स्वतः बसावें, असा मोह होणें साहजिक आहे. केवळ समजुतीसाठीं कांहीं आंकडे धरूं. तीनशे किलो माल आणला. शुक्रवारीं कारखानदारांनीं शंभर किलो शंभर रुपये दरानें नेला. शनिवारीं सकाळीं घरोघरच्या गिऱ्हाइकांनीं घासाघीस करून शंभर किलो साठ रुपयांनीं घेतला. दुपार झाली, पूजा आटोपल्या, रस्ता ओस पडला. मग चाळीस किलो वीस रुपयांनीं गेला आणि साठ किलोचा ढीग तेथेंच राहिला. एकूण आले सोळा हजार आठशें. म्हणजे किलोमागें छप्पन्न रुपये. साठ रुपयांनीं सगळा माल एकदम अडत्याला दिला असता तर अठरा हजार हातीं पडले असते. गांवीं गेल्यावर मात्र तो "शंभरानें विकला" असेंच सांगतो, आणि तें ऐकून पुढच्या वर्षीं शेजारीही झेंडू लावतो! टेंपोचें भाडें आणि दोन रात्रींचें जागरण या हिशेबांत धरलेलेंच नाहीं.

याचा अर्थ स्वतः विकूं नये असा नव्हे. शुक्रवारचें गिऱ्हाईक घासाघीस करीत नाहीं, कारण त्याला वेळ नसतो. तेव्हां कारखान्यांपुरता माल घेऊन यावें, उरलेला त्याच रात्रीं दादरला पोंचवावा आणि शनिवारच्या दुपारची वाट पाहूं नये. सारीं फुलें एकाच दिवशीं उतरविण्याची घाईही नडते. झेंडू एकदां फुलून संपणारें झाड नाहीं. कळ्या येत राहतात. त्या वर्षीं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतें, दसऱ्यानंतर बरोबर वीस दिवसांनीं, आणि पाडवा व भाऊबीज शनिवार-रविवारीं आल्या होत्या. दसऱ्याला हात पोळले म्हणून चिडून ताटवा उपटणाराला ते तीन दिवस रिकाम्या हातानेंच पाहावे लागले असतील.

शनिवारीं संध्याकाळीं रस्त्यावर राहिलेला पिंवळा ढीग पालिकेच्या झाडूखालीं जातो. रिकामीं पोतीं घडी घालून शेतकरी रात्रीं घाट चढूं लागतो. रविवारीं सकाळीं शेतांत पाऊल टाकावें तों काल मिटलेल्या कळ्या उमललेल्या असतात. घेणारें कोणी नसलें तरी तीं फुलें तो खुडून काढतो, झाडांना पाणी सोडतो आणि दिवाळीचे दिवस बोटांवर मोजूं लागतो.