कांदळवनांचे आरोग्य आणि माळव्याचे पाणी

(इंदूर येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेले भाषण)



समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या नगरीत कांदळवनांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांस पडला असेल. निमंत्रण आले तेव्हा मलाही तो पडला होता. काल सायंकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह नदीकडे पाहत उभा असता त्याचे उत्तर मिळाले. हे पाणी क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. गंगेच्या मुखाशी सुंदरबन पसरलेले आहे. इंदूर मात्र १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. पश्चिम समुद्राकडे निघालेले पाणी पंपाने वर चढवावयाचे आणि वापरून झाल्यावर पूर्व समुद्राच्या वाटेस लावावयाचे, असा हा व्यवहार आहे. तेव्हा कांदळवनांशी आपला संबंध नाही, असे निदान इंदूरकरांना तरी म्हणता येणार नाही.

आम्हां कोकणात काम केलेल्यांना तिवर, कांदळ, चिप्पी ही नावे घरची. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्याच्या पानावर मिठाचे कण दिसतात. शोषलेले जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि लांब रोप होऊन खाली पडते. यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, या झाडांना खारे पाणीच हवे. वस्तुतः खारटपणा ती सोसतात. त्यांतील बहुतेकांची वाढ गोड्या पाण्याची जोड मिळाली तरच जोमाने होते. सुंदरबनास ज्या वृक्षावरून नाव मिळाले असे मानतात, त्या सुंदरीचे शेंडे बांगलादेशातील भागात वाळत आले आहेत. क्षारतेतील वाढ हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर त्या बाजूस उन्हाळ्यात येणारे गोडे पाणी घटले, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या वनांचे मोल ओडिशाने अनुभवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातील ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तेथे मनुष्यहानी कमी झाली, असे पुढील अभ्यासात दिसून आले. गळलेली पाने कुजून कोळंबी, खेकडे व माशांच्या पिलांचे अन्न होते, हे तर कोळी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्रात २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीस मनाई केली. २०१२ मध्ये शासनाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कुऱ्हाडीपासून संरक्षण मिळाले, हे मोठेच कार्य. परंतु भरतीचे पाणी जाण्याची मोरी भरावाने बुजली, तर एकही फांदी न तोडता झाडे उभ्याने वाळतात. याच्या उलट, ठाणे खाडीच्या वरच्या भागात गाळ व सांडपाणी साचून तिवर फोफावला आहे. वरून पाहणाऱ्यास हिरवेगार वन दिसते. मला ते पाहून आनंद होत नाही. प्रदूषण सोसणारी एकच जात माजली आहे आणि पक्षी जेथे चरत ती चिखलाची मोकळी मैदाने आक्रसत आहेत. हिरवेपणा आणि आरोग्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या खात्यातही पुनःपुन्हा सांगावे लागते.

खाडीत येणारा गाळ आणि मैला नदीवाटे येतो. तो खाडीच्या तोंडाशी अडविता येत नाही, वरच अडवावा लागतो. या दृष्टीने होळकरांच्या काळी बांधलेले सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर हे कांदळवनांचे दूरचे आप्तच होत. गाळ थोपविणे, पाणी संथ करणे हीच त्यांची कामे. दोन्ही स्थळे २०२२ मध्ये रामसर यादीत आली आणि २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ नगर म्हणून मान्यता मिळाली. सुंदरबनाच्या मानाने येथील पाण्याचा वाटा अत्यल्प आहे, हे मी जाणतो. पण प्रत्येक नगर आपला वाटा अल्प मानते आणि कान्हेसारख्या शेकडो नद्या खाली जातात.

आमच्या खात्याने येथील मंडळींकडून सिरपूरच्या गाळाचे व्यवस्थापन समजून घ्यावे, हाही माझ्या येण्याचा एक हेतू आहे. उद्या सकाळी तेथे जाणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी अवश्य सोबत यावे.