पाव्हियाचा घंटामनोरा



इटलीच्या उत्तर भागात, मिलानच्या दक्षिणेस तिचीनो नदीच्या काठी पाव्हिया हे प्राचीन नगर वसले आहे. मध्ययुगात येथे इतके मनोरे उभारले गेले की ‘शंभर मनोऱ्यांचे नगर’ असा त्याचा लौकिक झाला. त्यांपैकी एक भव्य मनोरा प्रमुख ख्रिस्तमंदिराला लागून उभा होता. अकराव्या शतकात त्याच्या बांधकामास आरंभ झाला. पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेल्लेग्रिनो तिबाल्दी या वास्तुविशारदाच्या योजनेनुसार त्याच्या माथ्यावर दगडी घंटागृह चढविण्यात आले. मनोऱ्याची उंची सुमारे ७८ मीटर भरली.

१७ मार्च १९८९ रोजी सकाळी नऊच्या सुमारास हा मनोरा कोसळला. चार माणसे प्राणास मुकली. भूकंपासारखे कोणतेही निमित्त घडलेले नव्हते. मग शतकानुशतके उभी असलेली वास्तू एकाएकी का पडावी?

याचे उत्तर भिंतींच्या पोटात होते. भिंती जवळजवळ तीन मीटर जाड होत्या. परंतु बाहेरून दिसणारा विटांचा नेटका थर अगदी पातळ होता. आत दगडविटांचे तुकडे आणि चुना यांची भर होती. मिलानच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ढिगाऱ्यातून निघालेल्या बांधकामाच्या मोठ्या तुकड्यांची परीक्षा केली. एका क्षणी मोडण्यास जेवढा भार लागतो त्याहून बराच कमी भारही वर्षानुवर्षे अखंड राहिला, तर असे बांधकाम अतिशय मंद गतीने दबत जाते, त्यात बारीक उभ्या भेगा वाढत जातात आणि अखेर ते फुटते, असे आढळून आले. घंटागृहाने त्या भारात भरच घातली होती.

या दुर्घटनेनंतर इटलीत जुन्या मनोऱ्यांकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. पिसाचा कलता मनोरा ७ जानेवारी १९९० रोजी लोकांसाठी बंद करण्यात आला आणि बळकटीचे दीर्घ काम आटोपल्यावर डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा खुला झाला. पाव्हियाचा मनोरा मात्र पुन्हा बांधला गेला नाही. चौकात त्याच्या पायथ्याचे अवशेष तेवढे उरले आहेत. वास्तू पुष्कळ काळ टिकली म्हणजे ती यापुढेही टिकेल, असे मानून तिची तपासणी टाळणे किती धोक्याचे असते, हे त्या अवशेषांवरून ध्यानात यावे.