कथालेखन, नोकरी आणि घर : चेकॉव्हच्या संसाराची जमाखर्चाची वही

(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रंथालय-कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या शाळांत, तलाठ्याच्या चावडीत, टपालकचेरीत आणि सरकारी दवाखान्यांत अशी कितीतरी माणसे काम करीत आहेत की, ज्यांच्या टेबलाच्या खणात एखादी अर्धवट राहिलेली कथा पडून असते. विचारले तर ती म्हणतात, सेवानिवृत्तीनंतर पुरी करू. आज मुलांच्या परीक्षा आहेत, उद्या धाकट्या बहिणीचे लग्न आहे, परवा वार्षिक तपासणी आहे. गृहिणींच्या बाबतीत तर टेबलाचा खणही नसतो. वही डब्यांच्या फळीवर, हिशेबाच्या कागदांत दडलेली असते. कादंबरी लिहावयाची तर सवड हवी हे सर्वांना मान्य असते. परंतु कथा लहान, म्हणून ती फावल्या वेळात सहज होईल असा एक समज आहे. तो कितपत खरा आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीतील नामवंत कथाकारांपैकी बहुतेकांनी पोटासाठी दुसरे काम केले, ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविता शिकविता आपल्या कथा लिहिल्या. अरविंद गोखले पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अध्यापक होते. व्यंकटेश माडगूळकर यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण श्रोत्यांसाठीचे कार्यक्रम सांभाळले. मात्र नोकरी, घर आणि कथा या तिन्हींची ओढाताण दिवसावारी पाहावयाची असेल, तर रशियन कथाकार अन्तोन चेकॉव्ह याच्याकडे वळणे सोयीचे ठरते. त्याची चार हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि ती म्हणजे एका अर्थी संसाराची जमाखर्चाची वहीच आहे. शिवाय हा मनुष्य डॉक्टर होता, खेड्यात राहिला, साथीच्या काळात गावोगाव हिंडला, शाळा बांधल्या, जनगणनेचे काम केले. येथे जमलेल्या मंडळींना त्याची दगदग निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

चेकॉव्हचा जन्म 1860 साली दक्षिण रशियातील तागनरोग या बंदराच्या गावी झाला. आजोबा मूळचे भूदास. त्यांनी पैसे भरून आपल्या कुटुंबाची मुक्तता करून घेतली होती. वडिलांचे किराणा दुकान 1876 मध्ये बुडाले आणि सावकारांच्या भीतीने ते मॉस्कोला निघून गेले. सोळा वर्षांचा अन्तोन शिक्षण पुरे करण्यासाठी मागे राहिला आणि शिकवण्या करून जगला. 1879 मध्ये तो मॉस्कोस आला तेव्हा आईवडील व भावंडे कशीबशी दिवस काढीत होती. दोघे थोरले भाऊ बुद्धिमान, परंतु व्यसनी. त्यांचा भरवसा नव्हता. त्यामुळे तिसरा मुलगा असूनही कर्तेपण याच्याकडे आले. वैद्यकीय महाविद्यालयात त्याने नाव घातले आणि घरखर्चासाठी विनोदी साप्ताहिकांत लिहावयास प्रारंभ केला.

हे लेखन हौसेचे नव्हते. पीटर्सबर्गच्या एका विनोदी साप्ताहिकाकडून ओळीला आठ कोपेक मिळत. कोपेक म्हणजे रुबलाचा शंभरावा भाग, रुपयाला जसा पैसा. संपादकाची अट अशी की, मजकूर शंभर ओळींच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे एका पूर्ण लांबीच्या कथेचे आठ रुबल. एवढ्यात मोठे कुटुंब चालवावयाचे तर आठवड्याला एक कथा पुरत नाही. म्हणून तो अनेक पत्रांत, अनेक टोपणनावांनी लिहीत असे.

लिहिण्याची जागा कशी होती, याचे वर्णन त्याने 1883 च्या ऑगस्टमध्ये आपल्या संपादकास लिहिलेल्या पत्रात केले आहे. समोर वैद्यकीचे काम पडलेले. शेजारच्या खोलीत पाहुण्या आलेल्या नातलगाचे मूल रडत आहे. दुसऱ्या खोलीत वडील आईला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवीत आहेत. कोणीतरी वाद्याच्या पेटीला किल्ली दिली आहे. अशा घरात बसून तो लोकांना हसविणारा मजकूर लिहीत होता. आपल्याकडील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ज्याने लिहिले आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही.

शंभर ओळींच्या अटीबद्दल तो कुरकुरत असे. तरीही त्या अटीने त्याचा हात घडविला, हे नाकारता येत नाही. प्रस्तावना करावयास जागा नाही, निसर्गवर्णनास दोन वाक्ये, पात्राचा पूर्वेतिहास मुळीच नाही. तेव्हा माणूस त्याच्या एखाद्या सवयीवरून, बोलण्याच्या ढंगावरून उभा करावा लागे. 1886 च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेली घोडागाडीवाल्याची कथा आठवावी. त्याचा मुलगा नुकताच मरण पावला आहे. प्रत्येक उतारूला तो ते सांगू पाहतो, कोणी ऐकत नाही. रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीला सांगतो. कथा अवघ्या काही पानांची आहे. सवडीने लिहिणाऱ्याने तीत कदाचित आणखी बरेच घातले असते आणि ती बिघडविली असती.

परंतु घाईचे इतके कौतुक करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1884 मध्ये तो डॉक्टर झाला आणि रोगी पाहू लागला. लेखन चालूच राहिले. वर्षाकाठी शंभराच्या आसपास लहानमोठे लेख व कथा त्याच्या हातून बाहेर पडत होत्या. त्यातील पुष्कळसे आज अभ्यासकांशिवाय कोणी वाचत नाही. 1886 च्या मार्चमध्ये ग्रिगोरोविच या वयोवृद्ध लेखकाने त्याला आपण होऊन पत्र लिहिले. तुमच्यात मोठी प्रतिभा आहे, ती मुदतीच्या लेखनात उधळू नका, वेळप्रसंगी उपाशी राहा, असा त्या पत्राचा आशय होता. चेकॉव्ह हेलावून गेला. एका दिवसापेक्षा अधिक वेळ दिलेली आपली एकही कथा आठवत नाही, अशी कबुली त्याने उत्तरात दिली.

हा उपदेश थोर खरा. पण उपाशी कोणी राहावयाचे, हा प्रश्न उरतोच. एकटा लेखक उपाशी राहू शकतो. ज्याच्या मिळकतीवर आईवडील व भावंडे जेवतात, त्याचा उपवास त्याच्या एकट्याचा नसतो. चेकॉव्हने घर सोडले नाही, वैद्यकी सोडली नाही, आणि लेखनही एका दिवसात बदलले नाही. बदल घडला तो अत्यंत व्यावहारिक मार्गाने. त्याच वर्षी पीटर्सबर्गच्या एका मोठ्या दैनिकाने त्याला ओळीला बारा कोपेक देऊ केले, आणि शंभर ओळींची अटही तेथे नव्हती. दर वाढल्याबरोबर त्याने संख्या कमी करण्यास आरंभ केला. दोन वर्षांत, म्हणजे 1888 पर्यंत, वर्षाच्या कथा बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. त्याच वर्षी ‘स्टेप’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली आणि त्याला पुश्किन पारितोषिक मिळाले. वाढलेल्या मिळकतीने खर्च न वाढविता वेळ विकत घेणे, ही गोष्ट ऐकावयास साधी आहे. पगारवाढ मिळालेल्या किती जणांना ती साधते, हे ज्याचे त्याने पाहावे.

वैद्यकी ही आपली विवाहित पत्नी आणि साहित्य ही प्रेयसी, एकीचा कंटाळा आला की आपण दुसरीकडे जातो, अशी थट्टा तो करीत असे. थट्टेत तथ्य होते. 1890 मध्ये तो सायबेरिया ओलांडून साखालिन या कैद्यांच्या बेटावर गेला आणि तीन महिने घरोघर फिरून तेथील रहिवाशांची सुमारे दहा हजार टिपणपत्रे त्याने स्वतः भरली. 1892 मध्ये मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोवो या खेड्यात त्याने शेतवाडी घेतली व आईवडील, बहीण यांच्यासह तेथे राहावयास गेला. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ येऊ घातली. पंचवीस खेडी, चार कारखाने आणि एक मठ एवढा टापू त्याने विनावेतन अंगावर घेतला. तात्पुरती रुग्णालये उभारण्यासाठी धनिकांकडे हात पसरणे, खराब रस्त्यांवरून घोडागाडीने हिंडणे, शेतकऱ्यांना स्वच्छतेचे महत्त्व पटविणे, हीच त्याची दिनचर्या झाली. साहित्याचा विचार करावयासही सवड नाही, असे त्याने त्या महिन्यांत लिहिले आहे. साथ त्याच्या टापूपर्यंत पोहोचली नाही. पण तो उन्हाळा लेखनाच्या दृष्टीने गेला तो गेलाच.

गेला असे म्हणताना एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. याच खेड्यातील वास्तव्यातून 1897 साली ‘शेतकरी’ ही कथा निघाली. दारिद्र्य, दारू, थकलेला कर, घरातील मारहाण यांचे इतके निर्भीड चित्रण त्यापूर्वी फारसे झाले नव्हते, आणि सेन्सॉरने तीतील मजकूर काढावयास लावला. रोग्याच्या खाटेजवळ ज्याने झोपडीचा आतला भाग पाहिला, त्यालाच ती लिहिता आली. मात्र प्रत्येक कष्टाचे शेवटी साहित्यात रूपांतर होते, असे समजणे ही लेखकाची स्वतःची फसवणूक होय. चेकॉव्हने आजूबाजूच्या गावांत तीन शाळा बांधण्यात पुढाकार घेतला, 1897 च्या जनगणनेत गणकांवर देखरेख केली. ती कामे त्याने कथेसाठी केली नाहीत; ती करणे आवश्यक होते म्हणून केली.

मेलिखोवोत पाहुण्यांचा राबता असे. कोणी गात असे, कोणी आठवडाभर मुक्काम ठोकी. अखेर 1894 मध्ये त्याने वाडीच्या आवारात दोन लहान खोल्यांचे निराळे घर बांधून घेतले व तेथे लिहू लागला. 1891 पासून टिपणवही ठेवण्याचीही त्याची सवय होती. ऐकलेले एखादे वाक्य, एखादे विचित्र आडनाव, कथेचे दोन ओळींचे बीज तो तीत टिपून ठेवी. वर्षांनंतर एखादे टिपण उपयोगी पडे, अनेक कधीच पडले नाहीत. ज्यांना सलग दोन तास मिळत नाहीत, त्यांना दोन ओळींची ही सवय परवडण्यासारखी आहे.

आता या वहीतील दुसऱ्या पानाकडे वळावयाचे. चरित्रांमध्ये ते थोडक्यात उरकले जाते, म्हणून येथे जरा थांबणे इष्ट आहे. वाडी चालवीत होते कोण? मारिया, म्हणजे घरातील माशा. चेकॉव्हहून तीन वर्षांनी धाकटी बहीण. ती मॉस्कोतील मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवी. आठवडाभर शाळा करून ती मेलिखोवोला येई आणि भाजीपाल्याचे वाफे, गडीमाणसे, पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था पाही. रोग्यांच्या मलमपट्टीतही भावाला मदत करी. चित्रकलेचीही तिला आवड होती. नोकरी तिलाही होती, कलाही तिच्याजवळ होती. निराळे घर मात्र भावासाठी बांधले गेले.

1892 च्या सुमारास एका परिचित गृहस्थाने तिला मागणी घातली. तो तिला आवडत होता. आपण लग्न करावयाचे ठरविले आहे, असे ती भावाच्या खोलीत जाऊन म्हणाली. चेकॉव्ह काहीच बोलला नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे की, त्या मौनाचा अर्थ तिला समजला. तिने नकार कळविला आणि ती आयुष्यभर अविवाहित राहिली. माणसांच्या मौनाचे इतके सूक्ष्म चित्रण करणाऱ्या कथाकाराला आपल्या स्वतःच्या मौनाचा अर्थ कळला नसेल, हे संभवत नाही. लेखन, व्यवसाय आणि कुटुंब यांचा तोल त्याने साधला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तराजूचे एक पारडे दुसऱ्या कोणी हाताने धरून ठेवले होते, हेही सांगावयास हवे. आपल्याकडील कोणत्याही लेखकाच्या घरी ही चौकशी करून पाहावी. पत्नी, बहीण किंवा आई यांपैकी कोणाचे तरी नाव पुढे येईल. आणि स्त्री स्वतः लेखिका असेल, तर तिच्यासाठी ते पारडे कोण धरतो, हा प्रश्न अधिकच अवघड होतो.

दुसरा खर्च शरीराचा. 1884 च्या अखेरीस, पदवी मिळून काही महिने होतात तोच, त्याच्या थुंकीतून रक्त पडले. इतरांच्या छातीस नळी लावणाऱ्या या डॉक्टरने स्वतःची तपासणी करून घेण्याचे बारा वर्षांहून अधिक काळ टाळले. 1889 मध्ये भाऊ निकोलाय क्षयाने गेला, तरीही टाळले. 1897 च्या मार्चमध्ये मॉस्कोतील एका भोजनगृहात त्याला मोठा रक्तस्राव झाला, तेव्हा कोठे निदान मान्य करावे लागले. मेलिखोवो सोडून समुद्रकाठच्या याल्ता गावी नवे घर बांधावे लागले. 1901 मध्ये त्याने ओल्गा क्निप्पर या अभिनेत्रीशी विवाह केला. तिचा रंगमंच मॉस्कोत, याची प्रकृती याल्तात, म्हणून संसार बराचसा टपालाने झाला. आता त्याच्याजवळ सवड होती. ज्या माणसाने पूर्वी दिवसात एक कथा लिहिली, त्याला ‘बिशप’ ही एक कथा पुरी करावयास वर्षे लागली. ती 1902 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या सर्वोत्तम कथांत तिची गणना होते. पण तेव्हा दिवसाला मोजक्याच ओळी लिहिण्याइतकी शक्ती उरली होती. 1904 च्या जुलैमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतील बाडनवायलर येथे त्याचे निधन झाले.

विवाहाच्या वर्षीच, ऑगस्ट महिन्यात, त्याने माशाच्या नावे एक पत्र लिहून पत्नीजवळ ठेवण्यास दिले होते. ते मृत्यूनंतर बहिणीच्या हाती आले. याल्ताचे घर हयातीपुरते तिला, नाटकांचे उत्पन्न तिला, भावांना अमुक रक्कम, एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च, गरिबांना मदत करावी, आईला सांभाळावे, असा त्यातील मजकूर होता. माशाने भावाची पत्रे जमवून सहा खंडांत प्रसिद्ध केली. याल्ताच्या घराचे वस्तुसंग्रहालय झाले आणि ती त्याची प्रमुख झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने गाव व्यापले, तेव्हाही ती घर सोडून गेली नाही. 1957 साली, त्र्याण्णव वर्षांची होऊन, ती वारली. भावाचे लिहिण्याचे टेबल तोवर तिने होते तसे ठेवले होते.